सगळं पाणी एकदम बदलू नका
दर आठवड्याला माशांची टाकी पूर्ण रिकामी करून खडे, फिल्टर सगळं नळाखाली घासून धुवायचं, असा सल्ला एकाने दिलाय. याला माझा ठाम विरोध. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि खड्यांवर वाढलेले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बरंच कमी घातक असं नायट्रेट करतात. क्लोरीनच्या पाण्याने स्पंज धुतला की हेच जिवाणू मरतात आणि घातक अमोनिया साठत जातो. मग पाणी दिसायला कितीही नितळ असो, मासे वर येऊन धापा टाकू लागतात. नव्या टाकीत जिवाणूंची ही वसाहत बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात (तेवढा धीर कुणाला असतो म्हणा!).

त्यापेक्षा आठवड्याला 20-25 टक्के पाणी सायफनने तळाचा गाळ ओढत काढा आणि स्पंज त्याच काढलेल्या पाण्यात पिळा. नवं पाणी त्याच तापमानाचं हवं. उघडं ठेवलं तर क्लोरीन उडून जातो, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग, काही ठिकाणी नळाच्या पाण्यात असतं) मात्र नाही; तिथे डीक्लोरिनेटर (क्लोरीन निष्प्रभ करणारं द्रावण) लागतोच. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच टाका. मासे कायम उपाशी असल्याचं नाटक करतात, त्याला भुलू नका.