होस्टेलच्या शाळेतले पहिले दोन दिवस – तुमचे अनुभव सांगा

रामबागची_मनी
काल माळा आवरताना माझी शाळेची ट्रंक खाली काढली. झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने २१४. तीस वर्षं झाली, आकडा जसाच्या तसा. तिथेच शिडीवर बसून राहिले, खालून नवरा ओरडतोय, ‘आहेस का पडलीस?’

लेकीला नववीला होस्टेलच्या शाळेत प्रवेश मिळालाय. येत्या शनिवार-रविवारी ‘ओरिएंटेशन’, आईबाबांसकट. आमच्या वेळी हा शब्द नव्हता. इंदूरच्या सरवटे स्टँडवरून रात्रीची बस, शाजापूर, ब्यावरा, गुणा, शिवपुरी, अंग खिळखिळं करून सकाळी ग्वाल्हेर. बाबा वऱ्हांड्यात यादी घेऊन मोजत होते, ‘मोजे सहा, रुमाल बारा’. आईने माझी गादी घातली, चादर चारी बाजूंनी खोचली. मग सगळं उपसलं आणि परत घातलं. तिसऱ्यांदा उपसायला लागली तेव्हा मॅडम म्हणाल्या, ‘अब बस कीजिए.’ मी तेव्हा रडले नाही. आता चादरींच्या यादीवर खुणा करताना मात्र…

तुमचं काय झालं होतं? स्वतःचं सांगा, मुलांचं सांगा.

भिया_छप्पनवाला
सहावी, नवोदय. ओरिएंटेशन कसलं घेऊन बसलात. पेटी, बादली, मग, कुलूप. दोन किल्ल्या होत्या. एक आईने गळ्यातल्या दोऱ्यात ओवली आणि घेऊन गेली. दुसरी मी पेटीत सांभाळून ठेवली आणि वरून कुलूप दाबलं 😐 पहिली रात्र शाळेच्या शर्टात. सकाळी पीटीवाल्या सरांनी दगडाने कुलूप तोडलं आणि वर मलाच विचारलं, प्रवेश परीक्षा तूच दिली होतीस ना?

सुदामानगर_आई
मनी, यादीत कपड्यांवर नंबर शिवायला सांगितलेत का? आमच्या मुलाच्या वेळी ४६ कपडे होते, मी ४६ पट्ट्या शिवल्या. त्याने पहिल्याच आठवड्यात दुसऱ्याचा स्वेटर घालून फोटो पाठवला.

लष्करवाला
पट्ट्या कसल्या शिवताय. आमच्या आजीने बिब्बा काढला होता. धोबी पूर्वी त्यानेच खुणा करायचे, कितीही धुवा, जात नाही. सुई गरम करून बिब्ब्यात टोचायची आणि कापडावर आकडा. आजी बनियनवर बनियन काढतेय, आणि मी ‘बघू बघू’ करत बोट लावलं. शाळेत पोचेपर्यंत हातभर फोड. दोन्ही दिवस मी सगळ्यांशी डाव्या हाताने नमस्कार-चमस्कार करत हिंडलो. वर्षभर नाव पडलं होतं ‘डावा’. नंबर मात्र अजून आहे, एक बनियन फरशी पुसायला ठेवलंय.

पोहेजिलेबी
बिब्बा??? तो तर आई लाडवात घालते

लष्करवाला
लाडवात गोडंबी. बिब्ब्याच्या आतली बी. वरचं तेल लागलं तर चामडी निघेल, आईला विचार आधी.

पोहेजिलेबी
विचारलं. म्हणाली गाढव आहेस.

पोहेजिलेबी
आता मुद्द्यावर. मी डेली कॉलेजात डे-स्कॉलर होतो त्यामुळे ट्रंक वगैरे नाही. पण प्रवेश झाला तेव्हा साताऱ्याच्या आत्याबाईंचा फोन, ‘एवढ्या लवकर कॉलेज? दहावी कधी झाली?’ नावात कॉलेज आहे पण शाळाच आहे, १८८२ पासून हेच नाव आहे, सगळं सांगून झालं. दिवाळीला भेटल्यावर परत, ‘मग, कॉलेज काय म्हणतंय?’ मी सातवीत होतो.

दांडियाबाजार_बडोदा
आमचा मुलगा अकरावीला गेला, दोन वर्षं झाली. शनिवारी आईबापांना गोलात उभं केलं. चेंडू फेकायचा, ज्याच्या हातात येईल त्याने नाव आणि आवड सांगायची. ह्यांच्या हातात आला. हे म्हणाले, पूर्ण नाव, बँक, शाखा रावपुरा, रोखपाल. आवड सांगितलीच नाही. पोरगा खांबाआड. संध्याकाळी मात्र हेच त्याच्या मच्छरदाणीच्या दोऱ्या बांधत बसले, खिळा नाही तर कपाटाच्या मुठीला, खिडकीच्या गजाला. शेजारच्या तीन पलंगांच्या पण बांधून दिल्या. परतीच्या गाडीत रतलामपर्यंत एक शब्द नाही, मग एकदम म्हणाले, ‘डाव्या कोपऱ्याची गाठ सैल राहिली.’

रामबागची_मनी
@दांडियाबाजार 😭 का लिहिलंत हे

सुदामानगर_आई
मच्छरदाणी! यादीत नाही पण घ्या.

टिळकनगर_टु_पुणे
मला पुण्याला टाकलं होतं, ‘मराठी सुधारेल’ म्हणून. पहिल्या संध्याकाळी सगळ्या नव्या मुलांनी उभं राहून दोन वाक्यं बोलायची. मी म्हणालो, ‘मी इंदौरहून आलो आहे, मला इथे छान वाटून राहिलं आहे.’ झालं. रात्री दिवे गेल्यावर अंधारात प्रत्येक पलंगावरून, ‘झोप येऊन राहिली का रे?’ ‘डास चावून राहिले का रे?’ मी पण चिडून ओरडलो, ‘चूप बसून जा!’ त्यावर जो हशा झाला, वॉर्डन आले. डिसेंबरात निम्मं होस्टेल तसंच बोलत होतं आणि घरी गेल्यावर आई म्हणाली, तू ‘अय्या’ कधीपासून म्हणायला लागलास.

भिया_छप्पनवाला
@टिळकनगर सेम. नवोदयमध्ये नववीत तीस टक्के मुलांची वर्षभरासाठी अदलाबदल होते, इकडची तिकडे. आमच्याकडे महाराष्ट्रातून आले ते माझी मराठी ऐकून म्हणाले, तू हिंदीच बोल, ती कळते.

शिप्रा_काठची
मला सोडायला कोणी आलं नव्हतं. बाबा नुकतेच गेले होते, आई उठून बसण्याच्या स्थितीत नव्हती, शेजारच्या काकांनी गेटपर्यंत पोचवलं. दोन दिवस सगळ्यांचे आईवडील फिरत होते. जेवणाच्या रांगेत एका मुलीच्या आईने काही न विचारता माझ्याही ताटात घरचं लोणचं वाढलं. लिंबाचं, गोड. बस, एवढंच आठवतं. दोन्ही दिवस वाढलं तिने.

लष्करवाला
शिप्राताई 🙏

दांडियाबाजार_बडोदा
मी डबा दोन माणसं जास्तीचा नेते आता. अगं खरंच.

पोहेजिलेबी
मनीताई जीरावन द्या बरोबर, आपला वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला. मेसच्या डाळीवर, उकडलेल्या बटाट्यावर, पपईवर, सगळ्यावर चालतं. माझा होस्टेलवाला मित्र चमच्याच्या भावाने विकायचा, एक चमचा = एक दिवस पलंग आवरून देणे.

सुदामानगर_आई
बाहेरचं खाणं जप्त करतात हो. आमच्या शंकरपाळ्यांचं तेच झालं.

पोहेजिलेबी
जीरावन हे खाणं नाही, औषध आहे. पाचक म्हणून लिहायचं फॉर्मवर.

भिया_छप्पनवाला
हां पण घरचं असलं तर लेबल लावा ‘हाजमा’. अनुभवाचे बोल.

टिळकनगर_टु_पुणे
कुणाकडे घरच्या जीरावनचं प्रमाण आहे का? पुण्यात मिळतं ते निव्वळ चाट मसाला आहे

सुदामानगर_आई
आहे, निरोपात पाठवते. बडीशेप भाजून घाला, जिऱ्याच्या बरोबरीने नाही, कमी.

रामबागची_मनी
रविवार रात्र. पोचलो परत. लिहायला बसले तर शिप्राताईचंच डोक्यात आहे, त्यामुळे तुटक लिहिते.

मच्छरदाणी नेली, तिथे जाळीच्या खिडक्या निघाल्या. गादी मी घालायला गेले तर लेक म्हणाली, ‘आई, व्हिडिओ बघून आलेय, कोपरे कसे करायचे ते.’ केले पण तिने, हॉस्पिटलसारखे. मी पलंगाच्या पायाशी उभी, हातात उशीचा अभ्रा. शेजारच्या पलंगावरची मुलगी एकटीच मामाबरोबर आली होती, तिला पुरणपोळी दिली. चेंडूचा खेळ झाला, नवऱ्याने आवड ‘जुनी गाणी’ सांगितली, मला लग्नाला सतरा वर्षं झाल्यावर कळलं.

निघताना नंबर विचारला, कपड्यांचा. ८७. मी म्हटलं, लक्षात ठेवायला सोपा आहे. ती म्हणाली, ‘कपड्यांवर लिहिलेलाच आहे ना.’

आणि जीरावनची बाटली आत्ता माझ्या पर्समध्ये सापडली. पुढच्या रविवारपर्यंत देवासच्या पुढे कुणी जातंय का?

भिया_छप्पनवाला
गुरुवारी जाऊन राहिलो. बाटली घट्ट बंद करून द्या, मागच्या वेळी कुणाचा तरी मसाला गाडीत सांडला, अजून शिंका येतात.