जुनी ३४ फुटी बोट घेताना काय तपासावं?

प्रश्न: सध्या २४ फुटी आउटबोर्ड (मागे बाहेर इंजिन लावलेली) बोट आहे. दुपारी वायव्येचा वारा सुटला की मुरूडच्या पुढे नुसती आपटते. दोन डिझेल इंजिनांची जुनी ३४ फुटी फायबर क्रूझर बघतोय. घ्यावी का?

खाडीकर: लांबीआधी तळ बघा. मागच्या टोकाला तळाच्या 'व्ही'चा आडव्या रेषेपासूनचा कोन १८-२० अंश असेल तर लाट कापते. सपाट तळ आपटणारच. स्टर्नड्राइव्ह (इंजिन आत, पंखा फिरवणारा भाग मागच्या भिंतीबाहेर) असेल तर त्याचं रबरी बेलोज (घडीचं आवरण) फाटलं की पाणी थेट आत. बोट कायम पाण्यात राहणार असेल तर शाफ्टच (तळातून बाहेर जाणाऱ्या सरळ दांड्यावर पंखा) घ्या.

नांगर: बोट वर ओढून ट्रान्सम (मागची सपाट भिंत) प्लास्टिकच्या हातोडीनं ठोकत जा. टणक आवाज चांगला. भद्द वाजलं की आतलं प्लायवूड कुजलंय, सौदा सोडा. डिझेल टाकी उघडून बघाच! उसळत्या पाण्यात तळाचा गाळ ढवळतो, फिल्टर चोंदतात आणि इंजिन नेमकं खाडीच्या तोंडावर, वाळूच्या दांड्यापाशी बंद पडतं. दोन्ही इंजिनं एकाच टाकीवर असतील तर दोन्ही जातात.

प्रश्नकर्ता: शाफ्टच आहे. टाकी एकच. चाचणी कधी घेऊ?

नांगर: सकाळी नको, दुपारी ३ नंतर, वारा सुटल्यावर. पूर्ण थ्रॉटलवर १५ मिनिटं, तापमानाचा काटा चढता कामा नये.