मदत हवी आहे : पुण्यात एकटीने जेवायला कुठे जावं?

मंडळी, पुढच्या महिन्यात पाच दिवस पुण्यात आहे. भांडारकर संस्थेत काही पोथ्या बघायच्या आहेत, एक चक्कर विद्यापीठात. मुक्काम मॉडेल कॉलनीत. सोबत कोणी नाही.

सकाळचा प्रश्न नाही. वैशाली, रूपाली, नाहीतर डेक्कनला गुडलकचा बनमस्का आणि चहा, तेवढं मला पुरतं. घोडं अडतं ते रात्री. मागच्या खेपेला एका हॉटेलात (नाव नको) वेटरने "एकट्याच का?" विचारून थेट बेसिनशेजारच्या टेबलावर बसवलं. हात धुणाऱ्या प्रत्येकाचे शिंतोडे माझ्या ताटात. बरं, एक भाजी मागवली तर ती दोघांना पुरेल एवढी. उरलेली पनीरची भाजी डब्यात घालून खोलीवर नेली आणि सकाळी टाकून दिली. जिवावर आलं अगदी.

तर असं ठिकाण सुचवा, जिथे हाफ प्लेट किंवा साधी राइसप्लेट रात्रीही मिळते आणि पुस्तक उघडून बसलं तरी कोणी बिल आपटत नाही. अमर्यादित थाळी नको, तेवढी भूक नसते. भाकरी-पिठलं मिळालं तर सोन्याहून पिवळं. मांसाहारही चालतो. लॉ कॉलेज रोड, फर्ग्युसन रोड, आपटे रोड हा टापू सोयीचा, म्हणजे नऊच्या सुमारास चालत परतता येईल.

आणि हो, विद्यार्थ्यांच्या मेसमध्ये एका वेळचं कूपन बाहेरच्यांना देतात का? कोणी अलीकडे जेवलं असेल तर भावासकट सांगा.