'गर्भपात', 'पाडणं', 'पिशवी साफ करणं': चित्रपटांविषयी लिहिताना कुठला शब्द घ्यावा?

प्रश्न

आमच्या चित्रपट मंडळात लागोपाठ तीन चित्रपट दाखवायचे आहेत आणि त्यांचं मराठी टिपण माझ्याकडे आलंय. क्रिस्तियान मुंजिउ यांचा '४ महिने, ३ आठवडे, २ दिवस' (२००७, रोमानिया), माइक ली यांचा 'व्हेरा ड्रेक' (२००४, ब्रिटन) आणि ऑद्रे दिवान यांचा 'लेव्हेनमाँ' (२०२१, फ्रान्स). तिन्हींत कायद्याने बंदी असताना चोरून गर्भपात करून घेणाऱ्या मुली आहेत. 'अवैध गर्भपात' लिहिलं तर छाप्याच्या बातमीसारखं वाटतंय. एकाने 'भ्रूणहत्या' सुचवलं, ते मला पटत नाहीये. नुसतं 'गर्भपात' म्हटलं तर आपोआप झाला की करून घेतला, हे कळत नाही. जाणकारांनी मदत करावी.

प्रतिसाद १

'गर्भपात' शब्दात दोन्ही अर्थ आहेत, निवाडा क्रियापद करतं. 'गर्भपात झाला' म्हटलं की बाईकडे बोट जात नाही. 'केला', 'करून घेतला', 'करवला' म्हटलं की जातं. बोलीत तर एका कान्याचाच फरक: 'तिचं पडलं' आणि 'तिने पाडलं'.

'लेव्हेनमाँ'चा शेवट नेमका या कान्यावर उभा आहे. साल १९६३. अ‍ॅन ही हुशार विद्यार्थिनी. आपल्याला काय झालंय हे ती प्राध्यापकांना सांगते तेसुद्धा आडून: फक्त बायकांनाच होणारा आणि त्यांना घरात बसवणारा आजार. वसतिगृहाच्या संडासात तिचा गर्भ पडतो. एरवी तिच्याशी वाकड्यात वागणारी मुलगी कात्री आणून नाळ कापते. पुढे इस्पितळात प्रश्न उरतो की कागदावर काय लिहायचं. डॉक्टर सांगतो, 'फोस कूश', म्हणजे आपोआप पडला. दुसरा शब्द लिहिला असता तर पुढे पोलीस आणि तुरुंग. फ्रान्समध्ये हा कायदा बदलला तो १९७५ मध्ये, सिमोन वेल आरोग्यमंत्री असताना.

म्हणून या चित्रपटाच्या टिपणात 'गर्भपात केला' आणि 'गर्भ पडला' हे सरमिसळ करून वापरू नका. वाचकाला तो फरक कळायलाच हवा.

प्रतिसाद २

महिन्यांचाही भेद आहे. सुश्रुतसंहितेत, म्हणजे आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, चौथ्या महिन्यापर्यंत 'गर्भस्राव' आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात 'गर्भपात', अशी विभागणी आहे. आपल्या रोजच्या मराठीत ती राहिली नाही, पण कायद्याने महिने मोजणं सोडलेलं नाही. १८६० च्या भारतीय दंड संहितेचं कलम ३१२ बघा: गर्भपात घडवला तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पण पोटात हालचाल सुरू झाली असेल तर सात वर्षांपर्यंत. स्वतःचा गर्भ पाडणारी बाईही त्यात आरोपी. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्याने अपवाद दिले, मूळ गुन्हा पुसला नाही. तो आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये आहे.

मुंजिउंच्या चित्रपटाचं नावच त्या मोजणीचं आहे. रोमानियाचा हुकूमशहा चाउशेस्कू याच्या राजवटीने १९६६ मध्ये ७७० क्रमांकाच्या हुकमाने गर्भपातावर बंदी घातली होती, कथा १९८७ ची. हॉटेलच्या खोलीत चोरून गर्भपात करून देणारा बेबे नावाचा माणूस पोटुशा गाबित्साला किती महिने झाले ते विचारतो आणि तिचा आकडा हळूहळू वाढत जातो. ती खोटारडी नाही, घाबरलेली आहे. महिना पुढे गेला की गुन्हाही मोठा होतो हे बेबे तिला बजावतो आणि त्या भीतीवर स्वतःचा भाव वाढवतो. नावाचं भाषांतर करताना आकडे तसेच ठेवलेत ते योग्य केलंत.

प्रतिसाद ३

आमच्याकडे बायका 'पिशवी साफ केली' किंवा 'पोट खाली केलं' म्हणतात. दवाखान्यातून आलेला शब्द 'क्युरेटिन'. टिपणात नको, पण संवादांचं मराठी करणार असाल तर उपयोगी पडेल. एवढ्या जवळच्या विषयावर कुणी 'गर्भपात' म्हणत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)

खरंय, आणि 'व्हेरा ड्रेक'मध्ये हेच आहे. लंडन, १९५०. व्हेरा घरोघरी झाडलोट करते, आल्या-गेल्याला चहा ठेवते. अडलेल्या मुलींकडे जाताना तिच्यापाशी किसणी, साबण आणि रबरी पिचकारी. साबण किसून कोमट पाण्यात कालवायचा. पैसे ती घेत नाही. तिला पत्ते आणून देणारी बाई ते परस्पर घेते, हे व्हेराला ठाऊकही नसतं. मुलीच्या साखरपुड्याच्या दिवशी पोलीस येतात. अधिकारी कायद्यातला शब्द उच्चारतो तेव्हा तो शब्द तिच्या तोंडून निघत नाही. आपण मुलींना मदत करतो, एवढंच ती म्हणत राहते. तिथे 'मदत' हाच शब्द हवा. तिला 'सुईण'ही म्हणू नका, सुईण बाळंतपण करते.

'भ्रूणहत्या' मात्र कुठेच नको. महाराष्ट्राने १९८८ मध्ये गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा केला, त्या चळवळीच्या काळापासून 'स्त्रीभ्रूणहत्या' शब्द घरोघर पोचला. पण स्त्री संघटनांतल्या अनेकींनी त्याऐवजी 'लिंगनिवड' म्हणा असं सांगितलं, कारण 'हत्या' म्हटलं की गर्भपात करून घेणारी प्रत्येकच बाई खुनी ठरते. फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात काढलेलं बालहत्या प्रतिबंधक गृह यात ओढू नये. तिथली 'हत्या' जन्मलेल्या बाळाची आहे.

'अवैध'पेक्षा 'चोरून केलेला' लिहा. 'असुरक्षित गर्भपात' ही वेगळी संज्ञा आहे. आपल्याकडे कायदा असूनही बायका भोंदू माणसाकडे जातात, तिथे ती लागते.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. 'चोरून केलेला' घेते. मुंजिउंच्या चित्रपटाचा मसुदा असा आहे: 'पैसे कमी पडल्याने गाबित्सा आणि तिची मैत्रीण ओतिलिया यांना बेबेशी तडजोड करावी लागते.' चालेल का?

प्रतिसाद २ (पुन्हा)

नाही, ताई. 'तडजोड' काढाच. तडजोडीत दोन्ही बाजूंना नाही म्हणायची सोय असते. इथे एक मुलगी पोटुशी आहे, दुसरी तिच्यासाठी आलेली आहे, खोलीचे पैसे भरलेत, आणि हा माणूस निघून जायची धमकी देतो. मराठी परीक्षणांत अशा जागी 'तडजोड', 'किंमत मोजावी लागते', 'शरीराचा मोबदला' असं लिहायची सवय पडली आहे आणि त्यात करणारा माणूस गायब होतो. कर्ता बेबे ठेवा: 'पैसे कमी पडतात तेव्हा बेबे त्यांच्या अडचणीचा फायदा घेऊन आधी ओतिलियावर आणि मग गाबित्सावर बलात्कार करतो.' कथानक उघड होतं म्हणून कुणी हरकत घेतली तरी हे वाक्य गाळू नका. प्रेक्षकांत मुली असतील, त्यांना आत जाण्याआधी हे ठाऊक असलेलं बरं.