मदत हवी आहे: कोल्ड स्टोरेजचे खोके दबतायत, कुठला बॉक्स घेऊ?

तुर्भेकर: तुर्भ्याहून ठाण्याला श्रीखंड पाठवतो. खालच्या थराचे बॉक्स बसतात, टेप सुटते, दुकानदार माल परत करतात. या आठवड्यात दोनदा झालं. बॉक्सवाला म्हणतो माल नेहमीचाच. कुठला बॉक्स घेऊ? लवकर सांगा.

घणसोली_९: किती प्लाय, म्हणजे पुठ्ठ्यात कागदाचे पदर किती? एकावर एक किती थर रचता? तापमान? काहीच लिहिलं नाहीत.

तुर्भेकर: फाइव्ह प्लाय, आठ थर, ४ अंश. एप्रिल-मेमध्ये याच बॉक्सचा त्रास नव्हता.

पुठ्ठेवाला: सेव्हन प्लाय घ्या, बीएफ, म्हणजे कागदाची न फुटण्याची ताकद, वाढवून मागा. विषय संपला.

नेरूळची ताई: पुठ्ठा हवाच कशाला? आम्ही पनीर प्लास्टिकच्या क्रेटमधूनच पाठवतो.

तुर्भेकर: ताई, दुकानातून क्रेट परत येत नाहीत.

कळवा_नाका: ठाण्याला ऐरोलीवरून जाता का? संध्याकाळी दिघ्याच्या पुढे गाडी हलत नाही. पहाटे काढा.

जुना_रीफरवाला: प्लाय नंतर बघू. गाडीत चढवण्याआधी माल बाहेर किती वेळ असतो?

तुर्भेकर: मोजणी आणि चलन होईपर्यंत कोल्ड स्टोरेजबाहेरच्या फलाटावर, अर्धा-पाऊण तास. सगळेच ठेवतात.

जुना_रीफरवाला: दादा, तिथेच घोळ आहे. पावसाळ्यात हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असली, तर २५ अंशांच्या वस्तूवरही दव धरतं. तुमचा बॉक्स ४ अंशांचा, बाहेर आला की घाम फुटणारच. पुठ्ठा ते पाणी पितो. कोरड्या हवेत त्यात ७-८ टक्के ओलावा असतो, ९० टक्के आर्द्रतेत तो दुपटीच्या आसपास जातो आणि वजन पेलायची ताकद निम्म्यावर येते. त्यावर तुम्ही सात थर चढवता. मोजणी आतच करा, गाडी दाराला भिडवून लावा. आणि बॉक्स कोपऱ्यावर कोपरा येईल असे रचा, भिंतीच्या विटांसारखे नको. वजन कोपरे पेलतात.

घणसोली_९: बॉक्समध्ये सिलिका जेलची पुडी टाकली तर?

जुना_रीफरवाला: पाणी बाहेरून येतंय, आतली पुडी काय करणार?

पुठ्ठेवाला: सेव्हन प्लाय ओला झाला तरी जास्त तग धरतो, हे मी रोज बघतो.

जुना_रीफरवाला: धरतो, मान्य. पण घाम थांबवल्याशिवाय जास्तीचे पैसे का घालवायचे?

तुर्भेकर: उद्याची मोजणी आत करतो. कालचे घामेजलेले बॉक्स वाळवून वापरू का?

जुना_रीफरवाला: वरच्या थराला वापरा. एकदा भिजून दबलेला पुठ्ठा वाळला तरी पहिल्यासारखा होत नाही.