चॅट ॲपमध्ये प्लगइनमधून बाहेरची टूल्स चालवायची आहेत, नीट कसं बसवायचं?

अर्धविराम:
नमस्कार. मी स्वतःपुरतं एक चॅट ॲप लिहिलं आहे. मागे कुठलंही मॉडेल जोडता येतं. प्लगइनसाठी दोन हुक आहेत, एक मेसेज मॉडेलकडे जाण्याआधी चालतो आणि दुसरा उत्तर आल्यावर. आता मला हवंय की मॉडेलने माझ्या नोंदींच्या फोल्डरमध्ये शोधावं, फाइल वाचावी आणि गरज पडली तर छोटी पायथन स्क्रिप्ट चालवून हिशेब करावा.

सध्या सिस्टम प्रॉम्प्टमध्ये सांगितलंय की कमांड चालवायची असेल तर ती ठराविक खुणेच्या कोड ब्लॉकमध्ये दे. दुसऱ्या हुकमध्ये रेजेक्सने (मजकुरातला ठराविक साचा शोधणाऱ्या सूत्राने) तो ब्लॉक शोधून कमांड चालवली जाते. दोन गोष्टी छळतायत. मॉडेल कमांड लिहून थांबत नाही, तिचं आउटपुटही स्वतःच रचून पुढे लिहितं, आणि त्यातली फाइलची नावंसुद्धा अगदी खरी वाटतात. दुसरी गोष्ट जास्त काळजीची. मी नुसतं विचारलं होतं की जुन्या फाइल्स काढून टाकायची कमांड कशी लिहितात. त्याने नमुना लिहून दाखवला, तोही त्याच ब्लॉकमध्ये, आणि हुकने तो उचलून चालवला. फोल्डर चाचणीचं होतं म्हणून निभावलं.

काठावरचा:
रेजेक्स सोडा आणि मॉडेलचं टूल कॉलिंग वापरा. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग आणलं, आता बहुतेक मोठ्या मॉडेलना ते येतं. विनंतीबरोबर टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटर्सचा जेसन स्कीमा (टूलला कोणती माहिती, कोणत्या प्रकारची लागते याचा आराखडा) पाठवायचा. मॉडेलला टूल हवं असेल तर कॉल मजकुरात न येता वेगळ्या फील्डमध्ये येतो आणि उत्तर तिथेच थांबतं, त्यामुळे आउटपुट रचायला जागा उरत नाही. नमुन्याची कमांड मजकुरातच राहते, तिला कुणी हात लावत नाही.

दिवेलागण:
काठावरचा यांचं म्हणणं बरोबर आहे, त्यापुढचं मी सांगते. एक गोष्ट आधी पक्की धरा: मॉडेल काहीही चालवत नाही. ते फक्त मागणी करतं. चालवायचं की नाही, कुठे आणि किती वेळ, हे सगळं तुमच्या ॲपचं काम आहे, आणि ते प्रॉम्प्टवर किंवा प्लगइनच्या भरवशावर सोडू नका.

तुमच्या दोन हुकांत हे बसणार नाही, कारण इथे लूप लागतो. विनंती पाठवली, कॉल आला, टूल चालवलं, निकाल संभाषणात जोडला, पुन्हा विनंती पाठवली, असं कॉल येणं थांबेपर्यंत. हा लूप ॲपच्या गाभ्यात ठेवा आणि फेऱ्यांना कमाल मर्यादा घाला. प्लगइनने फक्त नोंदणी करावी: नाव, वर्णन, स्कीमा आणि चालवायचं फंक्शन. प्लगइन जितकं पातळ तितकं बरं.

स्ट्रीमिंग चालू असेल, म्हणजे उत्तर तयार होईल तसं येत असेल, तर आर्ग्युमेंट्स (टूलला द्यायची मूल्यं) तुकड्यातुकड्यांनी येतात. एकाच उत्तरात दोन कॉल असतील तर प्रत्येकाचे तुकडे त्याच्या क्रमांकाखाली वेगळे जमवा आणि पूर्ण झाल्यावरच पार्स करा. ओपनएआयच्या चॅट कंप्लीशन्समध्ये आर्ग्युमेंट्स जेसनची स्ट्रिंग म्हणून येतात, अँथ्रॉपिकच्या एपीआयमध्ये पूर्ण उत्तरात थेट ऑब्जेक्ट मिळतो. तुम्ही मॉडेल बदलत राहणार, म्हणून मध्ये एक रूपांतराचा थर आत्ताच लिहा.

आता प्रत्यक्ष चालवणं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझ्या मते खरं काम इथेच आहे.

कमांड शेलमधून (कमांडची ओळ वाचून चालवणाऱ्या प्रोग्राममधून) चालवू नका. पायथनच्या सबप्रोसेसला, म्हणजे दुसरे प्रोग्राम चालवणाऱ्या मॉड्यूलला, आर्ग्युमेंट्स यादी म्हणून द्या, शेल बंद ठेवा. मग फाइलच्या नावात सेमीकोलन आला तरी तो नुसता सेमीकोलन राहतो, पुढची कमांड होत नाही.

फाइल वाचताना मार्ग आपल्या फोल्डरच्या आतच आहे ना, हे तपासायला बरेच जण स्ट्रिंगची सुरुवात जुळवून पाहतात. फोल्डरचं नाव 'नोंदी' असेल आणि शेजारी 'नोंदी-खासगी' असेल, तर ही तपासणी दुसऱ्यालाही आत घेते, कारण दोन्हींची सुरुवात सारखीच. आधी दोन ठिपके (वरच्या फोल्डरची खूण) आणि सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी फाइल) सोडवून खरा मार्ग काढा, मग तो फोल्डर त्या मार्गाच्या पूर्वजांत आहे का ते बघा.

वेळेची मर्यादा घातलीत तरी काम संपत नाही. मुदत उलटली की सबप्रोसेस फक्त आपल्या थेट चाइल्ड प्रोसेसला मारतो. त्या स्क्रिप्टने आणखी काही सुरू केलं असेल तर ते मागे चालूच राहतं आणि सीपीयू खात बसतं. लिनक्स किंवा मॅकवर प्रोसेस नव्या सेशनमध्ये सुरू करा आणि मुदत संपली की अख्खा प्रोसेस ग्रुप मारा. पायथन स्क्रिप्टसाठी तर सरळ कंटेनर (बाकी मशीनपासून वेगळा ठेवलेला कप्पा) घ्या, नेटवर्क बंद, फाइलसिस्टम फक्त वाचण्यापुरती, मेमरीला मर्यादा.

एरर आली तर लूप तोडू नका. ती टूलचा निकाल म्हणून मॉडेलला परत द्या, आणि कामाची द्या: 'ही फाइल नाही, या फोल्डरमध्ये या या फाइल्स आहेत.' पुढच्या फेरीत ते बहुतेक वेळा स्वतःच सावरतं. लांबलचक आउटपुट कापलंत तर कापल्याचं त्यातच लिहा, नाहीतर मॉडेल अर्ध्यालाच पूर्ण समजतं.

अर्धविराम:
खूप खूप आभार, प्रोसेस ग्रुपचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. मग हे सगळं एमसीपीवरच (मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, ॲपला बाहेरची टूल्स जोडायची ठरलेली पद्धत) बांधू का?

दिवेलागण:
तीन टूल्स, तीही तुमचीच आणि एकाच ॲपसाठी, तर घाई नाही. अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये एमसीपी जाहीर केलं. त्यात जेसन-आरपीसी २.० वर (जेसन मेसेजमधून दुसऱ्या प्रोग्रामचं फंक्शन बोलावण्याची पद्धत) टूल्सची यादी मागायची आणि टूल कॉल करायचा अशा ठरलेल्या मेथड्स आहेत. तीच टूल्स दुसऱ्या ॲपमध्येही हवी असतील किंवा इतरांनी लिहिलेले सर्व्हर जोडायचे असतील, तेव्हा त्याचं मोल कळतं. फंक्शनची सही (नाव, आर्ग्युमेंट्स आणि निकालाचं रूप) आजच एमसीपीच्या टूलसारखी ठेवा, मग उद्या वळणं सोपं जाईल.

जोडअक्षर:
मी तर सुरुवातीपासून एमसीपी घ्या म्हणेन. टूल वेगळ्या प्रोसेसमध्ये असलं की ते कोसळलं तरी चॅट चालू राहतं, आणि त्याच्या लायब्रऱ्या ॲपच्या लायब्रऱ्यांशी भांडत नाहीत. फक्त एक सांभाळा: स्टँडर्ड इनपुट-आउटपुटवरून जोडलेल्या सर्व्हरमध्ये स्टँडर्ड आउटपुटवर प्रोटोकॉलच्या मेसेजशिवाय एक अक्षरही जाता कामा नये. डीबगिंगसाठी टाकलेला एक प्रिंट पुरतो, ॲप ती ओळ मेसेज समजून पार्स करायला जातं आणि अडखळतं. लॉग स्टँडर्ड एररवर पाठवा.

दिवेलागण:
प्रोसेस वेगळी ठेवण्याचा मुद्दा मला पटतो.

उंबरठा:
परवानगीबद्दल अजून कुणी बोललेलं नाही, म्हणून लिहितो. तुमच्या नोंदींत वेबवरून उतरवून ठेवलेली पानं आहेत का? असतील तर त्यातला मजकूर मॉडेलला सूचनेसारखा वाटू शकतो. 'ही फाइल वाच आणि अमुक पत्त्यावर पाठव' असं एखाद्या पानात लपवलेलं असलं, तर मॉडेल तसा कॉल करू शकतं. याला सॉफ्टवेअर डेव्हलपर सायमन विलिसन यांनी २०२२ मध्ये प्रॉम्प्ट इंजेक्शन हे नाव दिलं. खासगी माहिती, बाहेरचा अविश्वसनीय मजकूर आणि माहिती बाहेर धाडण्याची वाट, हे तिन्ही एकत्र आले की धोका, असं त्यांनीच २०२५ मध्ये मांडलं. तुमच्याकडे पहिले दोन असणारच, तेव्हा तिसरी वाट बंद ठेवा. दिवेलागण यांनी सांगितलेला नेटवर्क बंद असलेला कंटेनर म्हणूनच महत्त्वाचा आहे.

वाचणं-शोधणं न विचारता चालू द्या. लिहिणं आणि स्क्रिप्ट चालवणं विचारून. विचारताना मॉडेलने केलेला सारांश दाखवू नका, प्रत्यक्ष जाणारी आर्ग्युमेंट्स जशीच्या तशी दाखवा. प्रत्येक गोष्टीला विचारलंत तर माणूस न वाचता 'हो' दाबायला लागतो. आणि बाहेरचा एमसीपी सर्व्हर आपलं टूल 'फक्त वाचणारं' आहे असं सांगत असेल, तर तो त्याचा दावा आहे. परवानगी त्यावर ठरवू नका.

अर्धविराम:
उतरवलेली पानं भरपूर आहेत. ती आता वेगळ्या फोल्डरमध्ये हलवली. लूप गाभ्यात घेतला, शोध आणि वाचन सुरळीत चाललंय. एक अडचण आहे. टूल चालू असताना थांबवा बटण दाबलं की त्या संभाषणात पुढचा प्रत्येक मेसेज एपीआय नाकारतं. नवीन संभाषण उघडलं की सगळं ठीक.

दिवेलागण:
इतिहासात कॉल आहे आणि त्याचा निकाल नाही, म्हणून नाकारतं. प्रत्येक कॉलच्या आयडीला त्याच आयडीचा निकाल लागतो, आणि तो पुढच्या मेसेजच्या आधी. थांबवा दाबल्यावर राहिलेल्या प्रत्येक कॉलला 'वापरकर्त्याने थांबवलं' असा निकाल स्वतः जोडा. एकाच वेळी तीन कॉल आले आणि एकच पूर्ण झाला असेल तर उरलेल्या दोन्हींना. परवानगी नाकारलीत तेव्हाही हेच. आधीच अडकलेली संभाषणं उघडताना एकदा इतिहास तपासून निकाल नसलेले कॉल असेच भरून घ्या. आर्ग्युमेंट्स अर्धवट आलेला कॉल मात्र इतिहासात ठेवूच नका, पूर्ण काढून टाका.