सिमलाही पिन लावा

फोन चोरीला गेला तरी स्क्रीन लॉक असलं की काळजी नाही, असं म्हणतात; ते अर्धंच खरं. चोर बऱ्याचदा फोन उघडायच्या भानगडीत पडतच नाही. सिम काढतो, दुसऱ्या फोनात घालतो, की ओटीपी त्याच्या हातात. सिमला पिन असेल तर तिथेच गाडी अडते: 3 वेळा चुकला की पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा, सिम कंपनीकडून मिळणारा कोड) लागतो. (पिन सुरू करताना सिमचा आधीचा, कंपनीने ठेवलेला पिन ठाऊक हवा, अंदाजाने आकडे टाकत बसू नका.) लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा.

हरवलेल्या फोनमधला डेटा दुरून पुसायचा आदेश मात्र फोन नेटवर असेल तरच पोचतो. म्हणून आधी तो द्या, लगेच सिम बंद करा. खात्याचे बॅकअप कोड (ओटीपीऐवजी लॉगिनला चालणारे, आधीच काढून ठेवलेले कोड) कागदावर हवेत. लॉगिनचा ओटीपी हरवलेल्या फोनवरच गेला तर काय करणार?